ऑनलाइन मराठी वर्ग आणि सापशिडीच्या स्लाइड : तयार टेम्पलेटचं नेमकं काय करायचं?

शेवंती

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या मुलांना मराठी शिकवण्याच्या धाग्यावर मी ऑनलाइन वर्गात गूगल स्लाइड्सवर सापशिडी खेळवते हा विषय निघाला आणि काही जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) माझी फाइल मागितली. फाइल देतेच. पण नुसती फाइल हातात घेऊन वर्ग होत नाही, आणि तिकडे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

मी पुण्यातून न्यू जर्सी आणि टेक्सासमधल्या मुलांचे रविवारचे वर्ग घेते. आपली संध्याकाळ, त्यांची सकाळ. मुलं ७ ते ११ वयाची, एका वर्गात चार, फार तर पाच. मराठी सगळ्यांना समजते, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. त्यामुळे माझ्या दृष्टीने बोर्ड गेमचं काम एकच आहे: फासा पडला की मुलाने मराठीत तोंड उघडलं पाहिजे. बाकी साप किती गोड काढलाय, शिडीला चमक आहे का, हे नंतरचं.

स्लाइड्समेनिया, स्लाइड्सगो वगैरे संकेतस्थळांवर पटांची तयार टेम्पलेट ढिगाने मिळतात. बहुतेक इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी बनलेली. ती उघडून थेट वर्गात नेली की पहिला घोळ होतो लांबीचा. १०० घरांचा पट घ्या. फाशाचं सरासरी दान साडेतीन, म्हणजे साप नाहीत असं धरलं तरी एका मुलाला २८-२९ वेळा फासा टाकायला हवा. चार मुलं म्हणजे शंभरावर पाळ्या. प्रत्येक पाळीत प्रश्न, विचार, उत्तर, मग सोंगटी हलवणं. पाऊण मिनिट कुठेच गेलं नाही. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांत मीटिंग बंद करतं आणि तोवर पोरं जेमतेम पन्नाशीच्या आसपास पोचलेली असतात. म्हणून माझा पट ३० घरांचा. आठ-नऊ दानांत पार होतो, चार मुलांचा डाव २५-३० मिनिटांत संपतो, आणि उरलेल्या वेळात वाचन होतं. तयार पटातली घरं पुसायला हात थरथरतो, इतकी छान असतात, पण पुसा.

दुसरी गोष्ट गूगल स्लाइड्सच्या स्वभावाची. सोंगटी सरकवायची तर फाइल संपादनाच्या पडद्यावर हवी, स्लाइड-शोमध्ये ती जागची हलत नाही. उलट घरावर टिचकी मारून प्रश्नाच्या स्लाइडवर उडी घ्यायची सोय नीट चालते ती स्लाइड-शोमध्येच. संपादनात टिचकी मारली की आधी लिंकची छोटी पट्टी उघडते, त्यावर पुन्हा टिचकी. म्हणजे पट आणि प्रश्न एकाच फाइलमध्ये सुखाने नांदत नाहीत. म्हणून मी दोन्ही वेगळे ठेवते. पटाची फाइल संपादनात उघडी ठेवते, कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून वरचे मेनू लपवते, डावीकडची स्लाइडची पट्टीही बंद करते. प्रश्नांच्या चिठ्ठ्या मात्र खऱ्याखुऱ्या, पुठ्ठ्याच्या, माझ्या हातात. मुलांना कॅमेऱ्यासमोर चिठ्ठी उलटलेली बघायला आवडते, आणि ज्याला जे झेपेल ते मी ऐन वेळी बदलू शकते.

पट हलू नये यासाठी तो व्ह्यू मेनूतल्या थीम बिल्डरमध्ये जाऊन लेआउटवर (स्लाइडच्या मागच्या साच्यावर) चिकटवायचा. मग साध्या स्लाइडवर तो निवडताच येत नाही, फक्त सोंगट्या सुट्या राहतात. हे केलं नाही तर कुणीतरी सोंगटीऐवजी अख्खा साप ओढून नेतं.

आता प्रश्न. माझा सगळ्यात चालणारा पट 'माझा-माझी-माझं'चा आहे. घरात फक्त चित्र: चमचा, वाटी, ताट, पंखा, खुर्ची, टेबल. मुलाने पूर्ण वाक्य म्हणायचं. 'माझी वाटी रिकामी आहे', 'माझं ताट कुठे आहे'. सापाच्या तोंडी आलं तर लगेच घसरायचं नाही. तेच वाक्य कालचं करून सांगितलं तर साप सोडून देतो. परवा एकाने ऐटीत सांगितलं, "आजोबा पापड वाळवतो." बाकीचे तिघे एकदम ओरडले, "वाळवतात!" मी शिकवलं असतं तर इतक्या जोरात बसलं नसतं.

चित्रांना लिंगानुसार रंग देऊ नका, हे आग्रहाने सांगते. तयार टेम्पलेटमध्ये रंग आयते असतात आणि मोह होतो. मुलं हुशार, निळं म्हणजे 'माझा' हे दुसऱ्या पाळीत ओळखतात आणि मग शब्दाकडे बघतही नाहीत.

तुम्ही काय वापरता, कसं वापरता, लिहा.

---

बोरूबहाद्दर

छान धागा. एक भर टाकतो, फाँटची.

आपल्याकडे शिक्षकांकडे जुना साहित्याचा साठा असतो तो बहुधा श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व (म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षर-पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये. तिथून शब्दयादी उचलून गूगल स्लाइड्समध्ये डकवली की 'आंबा'चं काहीतरी अगम्य रोमन कडबोळं होतं. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि नंतर डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास गडबडतात.

दुसरं, टेम्पलेटमधला सुंदर इंग्रजी फाँट देवनागरीला लागू होत नाही. त्यात देवनागरी अक्षरंच नसतात, मग संगणक स्वतःच्या मनाने दुसरा फाँट घालतो आणि घरातला मजकूर चौकटीबाहेर सांडतो. वेलांटी-मात्रांना वर-खाली जागा लागते, ओळींमधलं अंतर वाढवा.

लहान मुलांना अक्षरओळख करून देत असाल तर 'ल' आणि 'श' बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं, २००९ आणि २०२२ च्या शासन निर्णयांत तीच दिली आहेत. पुष्कळ फुकट फाँटांत हिंदी वळणाची अक्षरं उमटतात. गूगल फाँट्समध्ये 'तिरो देवनागरी मराठी' आहे, त्यात मराठी वळणं मिळतात. पटावर थोडा नाजूक दिसतो, आकार मोठा ठेवा.

---

शेवंती

@बोरूबहाद्दर, तिरो आजच बघते. एका आजीने मागे विचारलंच होतं, "आमच्या नातवाचा ल असा उताणा का पडलाय?"

---

गंप्या

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं मखर सजवणं आहे. रात्रभर मखर, आणि आरतीला पाच मिनिटं. माझ्या बहिणीची मुलगी अशा वर्गाला जाते (तुमच्या नव्हे). तासाभरात तिच्या वाट्याला तीन वाक्यं येतात. उरलेला वेळ दुसऱ्यांची सोंगटी बघत बसायचं. त्यापेक्षा बाईंनी गोष्ट वाचून दाखवली तर तीनशे वाक्यं कानावर पडतील.

---

सनीवेलची_आई

गंप्या, बोलणं कडू आहे पण निम्मं पटलं. आमच्याकडेही थांबण्याचाच प्रश्न होता. आठ मुलांचा वर्ग आणि एकच पट. माझा मुलगा दुसऱ्या खिडकीत माइनक्राफ्ट उघडून बसायचा, नाव पुकारलं की "वन मिनिट, टीचर!"

मग त्याच ताईंनी ब्रेकआउट रूम (मीटिंगमधल्या छोट्या वेगळ्या खोल्या) केल्या, दोन-दोन मुलांची जोडी, प्रत्येक जोडीला पटाची वेगळी प्रत. आता भांडाभांडी होते, पण मराठीत होते. "ए, तू दोनदा टाकलास!" हे वाक्य कुठल्या अभ्यासक्रमात असतं?

---

शेवंती

गंप्या, राग कशाला. आठ मुलांत एक पट घेतला तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मुलाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटांत एकदा तरी पाळी आली नाही तर खेळ मेला समजायचा. मी अजून दोन गोष्टी करते. एक, ज्याची पाळी नाही त्याने उत्तर बरोबर की चूक हे अंगठ्याने दाखवायचं आणि चूक असेल तर सुधारून सांगायचं. बरोबर सुधारलं तर त्याची सोंगटी एक घर पुढे. दोन, पट रोज नाही. नवीन काही शिकवताना पट नकोच. गोष्ट आधी, शब्द आधी, पट नंतर, उजळणीला. जे माहीतच नाही ते फासा टाकून येत नाही.

गोष्टवाचनाला पर्याय म्हणून हे कधीच सुचवलं नव्हतं.

---

गंप्या

उजळणीला असेल तर हरकत नाही. तलवार म्यान.

---

टिंबटिंब

तांत्रिक बाजूने थोडं. पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांसाठी.

पॉवरपॉइंटमध्येही शो चालू असताना वस्तू ओढता येत नाही. मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्राम) लिहून जमवलेल्या फाइल फिरतात, पण अनोळखी माणसाच्या मॅक्रोवाल्या फाइलला परवानगी देऊ नका, आणि शाळेच्या संगणकावर त्या बहुधा चालतही नाहीत. दुसरा मार्ग ट्रिगरचा: सोंगटीला एकेका घराची हालचाल लावायची आणि त्याच सोंगटीवर टिचकी मारली की पुढचं पाऊल. सरळ शर्यतीच्या पटाला झकास. पण साप आला की फसतं, कारण पावलं ठरलेल्या क्रमानेच पडतात, अधली-मधली उडी नाही. आणि अशी फाइल गूगल स्लाइड्समध्ये चढवली की ट्रिगर उडून जातात.

प्रश्नमंजूषा प्रकारचा पट असेल (घर निवडा, प्रश्न उघडा, परत या) तर पॉवरपॉइंटच बरं. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये किऑस्कचा पर्याय निवडा. मग भलत्या जागी टिचकी पडली तरी स्लाइड पुढे पळत नाही, फक्त लिंकवरच उडी बसते. लिंक अक्षरांना देऊ नका, आकाराला द्या, नाहीतर अक्षरं निळी-जांभळी आणि अधोरेखित होतात.

झूमवर असाल तर तिसरी युक्ती. पडद्यावर नुसता पट दाखवा आणि मुलांना ॲनोटेटमधले (पडद्यावर खुणा करायच्या सोयीतले) शिक्के वापरू द्या. एकाचा तारा, एकाचं बदाम, एकाचा बाण. तेच सोंगटी. फक्त ते शिक्के स्लाइडला चिकटलेले नसतात, पडद्यावर असतात. स्लाइड बदलली तरी तिथेच लोंबकळतात. म्हणून डाव संपेपर्यंत स्लाइड बदलायची नाही.

ज्यांना स्लाइडचा खटाटोपच नको त्यांनी फ्लिपिटी या संकेतस्थळाचा बोर्ड गेम बघावा. गूगल शीटमध्ये प्रश्न भरले की पट तयार होतो, फासा-सोंगट्यांसकट. सजावट हवी तशी बदलता येत नाही एवढंच.

---

केतकी_वन

फासा कुठून आणता? गूगलच्या शोधपट्टीत 'रोल अ डाय' लिहिलं की फासा येतो, पण तो दाखवायला दरवेळी खिडकी बदलावी लागते.

---

शेवंती

@केतकी_वन, फासा मुलांकडेच. प्रत्येकाने आपापल्या घरी टाकायचा आणि आकडा मराठीत सांगायचा. खोटं बोलतात का? बोलतात. "सहा!" म्हणून ओरडणाऱ्याला "फासा दाखव बरं" म्हटलं की "तो कॉटखाली गेला" हेही मराठीतच सांगावं लागतं.

---

माळावरचा_मास्तर

आमच्याकडचं चित्र वेगळं आहे म्हणून लिहितो. जिल्हा परिषद शाळा, मराठवाडा.

२०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' चाललं होतं तेव्हा आम्हीही असले पट केले. पण घरात फोन एक, तो बापासोबत शेतात किंवा मोंढ्यात. पोराच्या हाती संध्याकाळी यायचा, तेव्हा रेंज नाही. झूम-बिम विसरा. गूगल स्लाइड्सची लिंक फोनवर पाठवली तर ॲप नसेल तिथं नुसतं चित्र दिसतं, सोंगटी हलत नाही. ॲप असलं तरी चार इंची पडद्यावर सोंगटी धरायला गेलं की भलतंच काही धरलं जातं.

मग आम्ही उलटं केलं. पट स्लाइडवरच बनवला, पण चित्र म्हणून काढून व्हॉट्सॲपवर टाकला. पोरांनी बघून अंगणात खडूनं नाहीतर कोळशानं आखून घेतला. सोंगट्या म्हणजे चिंचोके आणि खडे. प्रश्न मी आवाजाचा निरोप करून पाठवायचो, घराच्या आकड्यानुसार. उत्तरंही आवाजातच यायची, मागं कोंबडं आरवतंय, आजी म्हणतीय "मोठ्यानं सांग की". एका घरातली तीन भावंडं, शेजारची दोन, असा डाव जमायचा. तिसरीचं पोर आणि सहावीचं पोर एकाच पटावर, म्हणून एकाच घराला दोन प्रश्न: लहान्याला 'सातात पाच मिळव', थोरल्याला 'सातपाचं किती'.

आता शाळेत मोठा टीव्ही आहे, तोच पट त्याच्यावर लावतो. पण अंगणातल्या पटाचं नाव अजून काढतात.

---

सनीवेलची_आई

मास्तर, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. कोंबड्यासकट ऐकायला आवडलं असतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

सापशिडीलाच का चिकटलात सगळे? अष्टा-चम्मा आहे ना आपला.

पाच बाय पाच, २५ घरं. चार जण, चार बाजू. शेवंतीताईंचं ३० घरांचं गणित इथं आयतंच बसतं. बाहेरची १६ घरं उजवीकडून फिरायची, मग आतली ८ उलट्या दिशेनं, मग मधलं घर. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. फासा नाही, चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चम्मा म्हणजे ४, चारही पालथ्या तर अष्टा म्हणजे ८, आणि दोन्हीला पुन्हा दान. (दिशा आणि बारीकसारीक नियम गावागणिक बदलतात, भांडू नका.)

स्लाइडवर करायला तर सगळ्यात सोपा. टेम्पलेट शोधायचीच गरज नाही, पाच बाय पाचचं टेबल टाका, पाच घरांत फुली मारा, झाला पट. कवड्या पोरांना आजी-आजोबांकडून मागवायला सांगा, नाहीतर चिंचोके घासून एक बाजू पांढरी करा. आमच्या घरी ऑनलाइन खेळतो आम्ही भाऊ-भावजया, नागपूर-बंगळूर-दुबई. शिकवणं-बिकवणं काही नाही, नुसत्या शिव्या.

---

शेवंती

@वऱ्हाडी_ठेचा, हे भारी आहे! एक अडचण दिसते. अष्टा-चम्म्यात सोंगटी मारता येते, आणि घरी परत गेलेल्या सोंगटीवर आमच्याकडे रडारड होईल. 'मारायचं असेल तर आधी ज्याची सोंगटी आहे त्याला एक प्रश्न मराठीत विचार, त्याला आलं तर ती वाचली' असं करून बघते. म्हणजे प्रश्न विचारणंही मुलांकडेच गेलं. उत्तरं देतात, पण प्रश्न विचारताना 'का', 'कुठे', 'कधी' सगळे गळतात त्यांचे.

---

बोरूबहाद्दर

अवांतर: सापशिडीही आपलीच. मोक्षपट म्हणत, शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि वर मोक्ष. परंपरा ज्ञानदेवांचं नाव घेते, अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. इंग्लंडात गेल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा मुलांचा खेळ झाला. आता स्लाइडवर चढून परत आली.

---

केतकी_वन

आणखी एक शंका. 'व्यापार'च्या धर्तीवर पट केला, पुणे-नाशिक-कोल्हापूर वगैरे घरं घालून, तर चालेल ना? 'मोनोपॉली' नाव आणि चित्रं वापरता येतील का?

---

टिंबटिंब

खेळाची रीत वापरायला सहसा अडचण नसते: घरं विकत घेणं, भाडं देणं वगैरे. नाव, बोधचिन्ह, पटाचं मूळ चित्र हे मालकीचं असतं, ते घेऊ नका. स्वतःचं नाव द्या. टेम्पलेट कुणाचं घेतलं असेल तर त्यांच्या अटी वाचा. बऱ्याच ठिकाणी फुकट वापरताना श्रेयाची स्लाइड काढायची नाही अशी अट असते, आणि लोक पहिल्यांदा तीच काढतात.

---

शेवंती

फाइल मागणाऱ्या सगळ्यांसाठी: लिंक व्यनितून पाठवतेय. तिच्या शेवटी 'कॉपी' आहे, त्यामुळे उघडल्यावर थेट 'प्रत बनवा' विचारेल. माझ्या मूळ फाइलच्या संपादनाची परवानगी मागू नका, कृपया. तुमची लिंक इतरांना द्यायची असेल तर हेच करा: पत्त्यात शेवटी 'एडिट' असतं ते आणि त्यापुढचं खोडून तिथे 'कॉपी' लिहायचं, रोमन लिपीत.

मुलांना स्वतः सोंगटी हलवू द्यायची असेल तर त्या दिवसापुरती वेगळी प्रत काढा, लिंक असणाऱ्याला संपादनाची परवानगी द्या आणि वर्ग संपला की काढून घ्या. खात्याशिवाय आलेली मुलं पडद्यावर 'अनॉनिमस' अमुक प्राणी म्हणून दिसतात, मग पहिली पाच मिनिटं मी कोण प्राणी यावरच जातात. जाऊ द्या. कुणी सगळं पुसलं तर व्हर्जन हिस्टरीतून मागचं परत आणता येतं. आणि सोंगट्यांवर मुलांचे फोटो लावू नका, लिंक कुठे फिरेल सांगता येत नाही. माझ्याकडे सोंगट्या म्हणजे वांगं, भेंडी, टोमॅटो आणि कारलं आहेत. कारलं मिळावं म्हणून भांडणं होतात.

---

माळावरचा_मास्तर

ताई, मलाबी पाठवा. कारल्यासकट. आणि अष्टा-चम्म्याचा पट झाला की तोही टाका इथंच, टीव्हीवर लावून बघतो. आमच्यात मधल्या घराला वेगळं नाव आहे, पण ठेचाभाऊ म्हणाले भांडू नका, म्हणून सांगत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

सांगा हो मास्तर, भांडायलाच तर येतो इथं.